खोकं तिकडेच, मी भूतानात

‘भूतानच्या परमिटचं कसं केलंस?’ हे मला अजूनही कोणी ना कोणी सायकलवाला विचारतो. परमिटचं काहीच झालं नाही. सीमेवरच्या फुन्शोलिंगला मतदार ओळखपत्र दाखवलं (पासपोर्टही चालतो, नुसतं आधार घेऊन जाऊ नका), फोटो काढला, माणशी रात्रीला १२०० रुपये या हिशेबाने एसडीएफ (पर्यटकांकडून घेतात तो शाश्वत विकास निधी) गाईडने आधीच भरून ठेवला होता. तासाभरात बाहेर. माझं घोडं अडलं ते सोळा सोळा ग्रॅमच्या दोन नळकांड्यांपाशी.

आधी थोडक्यात, गेलो कशाला. टूर ऑफ द ड्रॅगन ही माउंटन बाइकची एकदिवसीय शर्यत. बुमथांगहून रात्री दोनला सुटायचं आणि चार खिंडी ओलांडून त्याच दिवशी थिंफूला पोचायचं, २६८ किलोमीटर. २०१० पासूनची शर्यत आहे. मला नुसतं जाऊन, दामटून परत यायचं नव्हतं. म्हणून शर्यतीच्या आधी नऊ दिवस निघालो, बुमथांगला हॉटेलऐवजी शेतकऱ्याच्या घरी उतरायचं ठरवलं आणि ऑफिसमध्ये वर्षभराची रजा उधळली.

सायकल खोक्यात भरायला दोन तास लागले. दुकानातून नव्या सायकलीचं पुठ्ठ्याचं खोकं फुकट मिळतं, ते घ्या. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका, मी दर वेळी विसरतो. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सारायची. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. चाकांतली हवा कमी केली. कपडे, हेल्मेट, सुटी हत्यारं, सगळं खोक्यात. सॅडल बॅग सीटखाली होती ती तशीच राहू दिली. तीच चूक झाली.

विमानतळावर खोकं मोठ्या सामानाच्या वेगळ्या काउंटरवर दिलं, जादा वजनाचे पैसे भरले, पावती घेतली. बागडोग्राला उतरलो. पट्टा फिरत राहिला, सगळ्यांच्या बॅगा गेल्या, शेवटी एक बेवारस छत्री तेवढी गोल गोल फिरत होती. विमान कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्या काउंटरवरच्या मुलाने सामान न मिळाल्याचा फॉर्म काढला. त्यावर बॅगांच्या चित्रांचा तक्ता असतो, आपली बॅग कुठल्या चित्रासारखी ते सांगायचं. माझ्या खोक्यासारखं चित्र मला काही सापडलं नाही. त्याने ‘कार्टन, ब्राउन’ लिहिलं.

“सर, उद्याच्या फ्लाइटने येईल.”

“ते आहे कुठे पण?”

“ट्रेसिंगमध्ये आहे सर.”

ट्रेसिंग हे गावाचं नाव असावं अशा सुरात पुढचे तीन दिवस मी ते ऐकलं. सीमेच्या अलीकडे, जयगावला एक दिवस थांबलो. ‘ट्रेसिंगमध्ये आहे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘ट्रेसिंगमध्ये आहे.’ पुढची बुकिंगं ठरलेली, गाईड सीमेच्या गेटच्या पलीकडे वाट बघत उभा. म्हटलं चला, खोकं येईल तेव्हा येईल. गेलो पलीकडे. तिथून पुढे दुपारभर फोन मुकाट्याने खिशात.

आता माझा मूर्खपणा ऐका. फॉर्मवर मी माझाच मोबाइल नंबर लिहिला होता. प्रीपेड, रोमिंग न केलेला. भूतानमध्ये तो बंद पडणार हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. फॉर्मवर घरच्या माणसाचा नंबर लिहा. एक नाही, दोन माणसांचे लिहा. वेगळ्या कागदावर लिहून तिथल्या मुलाच्या हातात द्या.

संध्याकाळी फुन्शोलिंगमध्ये फिरताना गेटजवळच्या भिंतीपाशी फोन अचानक थरथरायला लागला. पलीकडे जयगावचे टॉवर, त्यांची रेंज भिंत ओलांडून पंधरावीस पावलं येते. अकरा मेसेज. सगळ्यांचा अर्थ एकच: ‘आपल्या सामानात निषिद्ध वस्तू आढळली आहे, त्वरित संपर्क साधा.’

सॅडल बॅगमध्ये सीओटूची दोन कार्ट्रिज होती. मागच्या बीआरएमपासून (लांब पल्ल्याच्या सायकल राइडपासून) तशीच पडलेली. पंक्चर झालं की चाक भरायला वापरतो ती. दाबलेला वायू आहे, क्ष-किरण यंत्रात दिसला, आणि खोकं विमानात चढलंच नाही. नियमाप्रमाणे ते माझ्यासमोर उघडायला हवं होतं. म्हणे माझ्या नावाचा पुकारा झाला. झालाही असेल. मी गेटवर कानात बोंडं घालून बसलो होतो. पण मग तीन दिवस ट्रेसिंग कसलं चाललं होतं? खोकं जिथे दिलं तिथेच भिंतीला टेकून उभं होतं. एका खोलीतल्या माणसाला ते ठाऊक होतं, दुसऱ्या खोलीतल्याला नव्हतं, आणि मला उत्तरं दुसऱ्या खोलीतून मिळत होती. इतकी साधी गोष्ट. मला राग येतो तो एवढ्याचाच.

पुढचा दीड दिवस मी त्या भिंतीला लागून काढला. खोकं उघडायला मी हवा, नाहीतर माझा माणूस हवा, आणि माणसाकडे प्राधिकारपत्र हवं. आत्येभावाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, तू भूतानला सिलिंडर घेऊन निघाला होतास?” त्याला समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. मग वहीच्या कागदावर पत्र लिहिलं, सही केली, फोटो काढून पाठवला. तो अर्धी रजा टाकून विमानतळावर गेला. परत पाठवलं: पत्रात फॉर्मचा क्रमांक नाही. तो घातला. पुन्हा परत: पत्रावरची सही ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही.

आता ओळखपत्र म्हणून मी पॅन कार्डाची प्रत जोडली होती. त्यावरची सही मी एकविसाव्या वर्षी केलेली, पूर्ण नाव, खाली दोन रेघा, शेवटी टिंब. आता माझी सही म्हणजे एक फराटा. फुन्शोलिंगच्या फुटपाथवर बसून, स्वतःच्या पॅन कार्डाचा फोटो समोर ठेवून, मी स्वतःच्याच सहीची नक्कल गिरवत होतो. सातव्या खेपेला जमली. गाईड शेजारी उभा राहून बघत होता. काही बोलला नाही, बिचारा.

तिसऱ्या फेरीत काम झालं. आत्येभावाने स्वतःच्या हाताने कार्ट्रिज काढून दिली, कुठेतरी सही केली, खोकं पुन्हा चिकटपट्टीने बांधलं. दोन दिवस कामावरून खाडा करून हे सगळं त्याने केलं. बागडोग्राला ते उतरवून घ्यायला आणखी एक प्राधिकारपत्र, या वेळी जयगावच्या जीपवाल्याच्या नावाने. आता माझा हात बसला होता, एका फटक्यात एकविसाव्या वर्षाची सही.

खोक्याची वाट बघत मी सायकलीशिवायच पुढे निघालो. थिंफूहून बुमथांगला गाडीने जाताना शर्यतीचा मार्ग उलटा दिसतो. जो चढ दिसेल तो माझा उतार, जो उतार तो माझा चढ. डोचुला या शर्यतीतल्या शेवटच्या खिंडीहून वांगदीकडे गाडी उतरायला लागली आणि उतरतच राहिली, तेव्हा पोटात गोळा आला. हा सगळा चढ शेवटी आहे, दोनशे किलोमीटर झाल्यावर. तुम्ही गेलात तर हा भाग झोपून घालवा.

बुमथांगच्या घरात आजी, त्यांची लेक आणि जावई. आजींनी पहिल्या दिवशी चुलीजवळ बसवून सुजा दिला, लोणी-मिठाचा चहा, आणि कुट्टूच्या पिठाचे धिरड्यासारखे खुले. मी लगेच हात पुढे केला. गाईड हसला. मग त्याने शिकवलं: पहिल्यांदा वाढायला आले की तोंडावर हात धरून ‘मेशु, मेशु’ म्हणायचं, नको नको. ते पुन्हा आग्रह करतात, मग घ्यायचं. हे आम्हाला शिकवायला हवं का! लग्नाच्या पंगतीत जिलबीवर हात आडवा धरण्यात आमच्या पिढ्या गेल्या. संध्याकाळी मी असा काही मेशु मेशु केला की आजींनी चौथ्यांदा वाढलं.

हातात सायकल नसल्यामुळे पहाटे जांबे ल्हाखांगला जाऊन बसायचो. गावातली म्हातारी माणसं माळ ओढत देऊळ उजव्या हाताला ठेवून फेऱ्या घालतात, कोणी बोलत नाही. एक आजोबा रोज एक खडा कट्ट्यावर ठेवायचे, फेरी झाली की दुसरा. मीही चाललो त्यांच्या मागे. मनात देवाचं नाव नव्हतं, जीपवाल्याचा नंबर होता. जोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठात, जायचं तर टोपी काढा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा. सायकलची हाफ पँट घालून मला दारातूनच परत फिरावं लागलं होतं. चोर्तेन (स्तूप) रस्त्यात आला तर तोही डाव्या बाजूने ओलांडायचा, म्हणजे तो आपल्या उजव्या हाताला राहतो. शर्यतीतसुद्धा.

खोकं शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आलं. जयगावहून जीप, फुन्शोलिंगहून गाईडच्या मेहुण्याची भाजीची गाडी, असं करत. एका कोपऱ्यावर ओल, वर कोथिंबिरीची पानं. उघडलं तर डिरेल्युअरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, आत वाकलेला. जादा हँगर नेला होता, वीस ग्रॅमचा तुकडा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तिकडे मिळायचा नाही, तेव्हा नेच. आजी हातात विजेरी धरून उभ्या राहिल्या, जावयाने चाक धरलं. साडेनऊला सायकल उभी राहिली. मी साडेचार तासांवर आलेल्या सुरुवातीसाठी पडलो आणि झोप काही लागली नाही. भूतानचं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे आहे, फोनला रेंज नसेल तर तो आपोआप बदलत नाही. गजर मनगटी घड्याळावर लावा.

शर्यत छान झाली. किकी ला (ला म्हणजे खिंड) अंधारातच गेला, योतोंग लावर धुकं आणि भुरभुर. ट्रोंगसाचा जोंग मागे टाकला तरी दरीपलीकडून तो कितीतरी वेळ दिसतच राहतो. रस्ता वळसा घालत जातो. पेले लावर कोणीतरी गरम सूप हातात दिलं. वांगदीला उकाडा, आणि मग डोचुलाचा चढ. थिनलेगांगपाशी अंधार पडला, पायात गोळे आले, मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी शेजारी येऊन थांबली. आतल्या माणसाने विचारलं आणि मी पहिल्याच आग्रहाला चढलो, मेशु मेशु न करता. चारपैकी तीन खिंडी पूर्ण, चौथी अर्धी. डोचुलावरचे १०८ चोर्तेन मी गाडीच्या काचेतून हेडलाइटच्या उजेडात बघितले.

परतताना बागडोग्राला खोकं दिलं आणि काउंटरपासून हललो नाही. शिपाई म्हणाला, सर, तुम्ही जाऊ शकता. म्हटलं, आधी यंत्रातून जाऊ दे. गेलं. हिरवा दिवा लागलेला डोळ्यांनी बघितला, मगच गेटकडे.

ती दोन कार्ट्रिज विमानतळावर जमा झाली असं मी धरून चाललो होतो. परवा आत्येभावाकडे जेवायला गेलो तर टीव्हीच्या शेजारी शोकेसमध्ये दोन्ही उभी. वर त्याच्या बायकोच्या अक्षरात चिठ्ठी: ‘भूतान.’