बॅटरी नवव्या दिवशी मरायची

आमची द्राक्षाची बाग निफाड तालुक्यात, घरापासून सातशे-आठशे मीटर. रात्री दव किती पडलं, पानं किती वेळ ओली राहिली यावर डावणीची (पानांवर येणाऱ्या बुरशीची) फवारणी घ्यायची का नाही ते ठरतं, आणि आण्णा रोज पहाटे बागेत जाऊन पानांवर हात फिरवून यायचे. म्हटलं निदान टेंपरेचर आणि ह्युमिडिटी घरात दिसली तरी बरं. तयार वेदर स्टेशनच्या किमती बघितल्या आणि स्वतःच बनवायला घेतलं.

वायफाय तिथवर पोचत नाही म्हणून लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर डेटा पाठवणारा रेडिओ. मॉड्यूल ८६८ वालं घेतलं आणि ८६६ मेगाहर्ट्झवर लावलं, कारण आपल्याकडे ८६५ ते ८६८ ची पट्टी लायसनशिवाय वापरता येते. टेंपरेचर-ह्युमिडिटीचा सेन्सर बीएमई २८० मागवला, आला बीएमपी २८०, दिसायला डिट्टो पण ह्युमिडिटीच नाही! चिप आयडी (चिपमध्येच लिहिलेला ओळख नंबर) वाचली तर ०x५८, खऱ्याची ०x६० असते. आता पार्सल आलं की आधी तेच बघतो. परत मागवण्यात दहा दिवस गेले.

पण खरा त्रास बॅटरीने दिला. ईएसपी ३२ चा (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपचा) बोर्ड, २२०० एमएएचचा एक १८६५० रिचार्जेबल सेल, डीप स्लीप लावलेला म्हणजे दोन रीडिंगच्या मधे चिप झोपलेली, सोलर पॅनल न जोडता टेस्टला ठेवला तर नवव्या दिवशी गप. दुसरा सेल टाकला, परत तेच. शेवटी मल्टीमीटर लावला, झोपेत १० मिलिअँपिअर! २२०० भागिले १० म्हणजे २२० तास, बरोबर नऊ दिवस. चिप बिचारी १० मायक्रोअँपिअरच घेते हो, बाकी सगळं बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि ती लाल एलईडी खात होते.

मग ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (साधा छोटा अर्डुइनो बोर्ड) घेतला, त्याची एलईडी आणि रेग्युलेटर उचकटून काढले (एक ट्रॅकपण उचकटला, तो बोर्ड गेला). सेल डायरेक्ट जोडायचा मोह होतो पण फुल चार्ज सेल ४.२ व्होल्ट आणि रेडिओची मर्यादा ३.९, म्हणून मधे एमसीपी १७०० हा कमी खाणारा रेग्युलेटर टाकला, तो स्वतः दोनेक मायक्रोअँपिअर खातो. चिपमधला वॉचडॉग टायमर जास्तीत जास्त ८ सेकंद झोपू देतो, म्हणून ७५ वेळा झोपवायचं की दहा मिनिटं झाली, मग एक रीडिंग. एवढं करूनही दीड मिलिअँपिअर जातच होते, दोन संध्याकाळी डोकं धरून बसलो तेव्हा कळलं की रेडिओला झोपवायची ओळच लिहिली नव्हती. अजून एक, मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर असला की पाठवायच्या वेळी व्होल्टेज पडून बोर्ड रिसेट होतो, मी तो कोडातला बग समजून अर्धा प्रोग्रॅम परत लिहिला होता.

सेन्सरचा डबा आधी साधा प्लास्टिकचा होता, दुपारी बाहेरच्या थर्मामीटरपेक्षा ६ डिग्री जास्त दाखवायचा. कुंडीखालच्या पांढऱ्या प्लेटा आणल्या, मधल्या कापून भोकं पाडली, थ्रेडेड रॉडवर नट लावून एकावर एक अंतर ठेवून बसवल्या. आता एखाद डिग्रीचा फरक येतो, चालतंय.

ऑक्टोबर छाटणीनंतर मात्र चार्जिंग पडायला लागलं. वायर बघितली, चार्जर बदलला, काही नाही. आण्णाच म्हणाले, "अरे त्याच्यावर बोर्डो बसलाय की." फवारणीच्या ब्लोअरने मोरचूद-चुन्याचा निळसर थर पॅनलवर असा चढला होता की नखाने खरवडला तर निघत होता. ओल्या फडक्याने पुसलं, व्होल्टेज वर. आता फवारणी झाली की पॅनल पुसायचं काम आण्णांकडे आहे, आणि तिथे गेलेच आहेत म्हणून पानांवर हात फिरवूनच येतात.