तुम्ही विचारलंत म्हणून: टाळूवरची सोनोग्राफी बालरोगाच्या पोरांना का शिकवायची?

“रेडिओलॉजिस्ट आहेत ना? मग बालरोगाच्या रेसिडेंट्सना डोक्याची सोनोग्राफी कशाला शिकवता?” हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. (रेसिडेंट म्हणजे बालरोगात पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर.) विचारणाऱ्यांत रेडिओलॉजीतले सहकारी असतात, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे बालरोगतज्ज्ञ असतात, कधी इंटर्नही असतात. एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हणून लिहिते आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत, बाजूच्या पोकळ्यांना लागून, जर्मिनल मॅट्रिक्स नावाचा पेशींचा थर असतो. त्यातल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. साधारण 34 व्या आठवड्यापर्यंत हा थर विरत जातो, पण 28 व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात तो चांगलाच शाबूत असतो. रक्तदाब खालीवर झाला, श्वास अडकला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला, की तिथे रक्तस्राव होऊ शकतो. असे बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या 72 तासांत होतात. त्या 72 तासांत रात्री येतात, रविवार येतो, दिवाळीही येते. बाळ व्हेंटिलेटरवर असतं, नाभीत नळ्या असतात, पेटीतून बाहेर काढलं की अंग गार पडतं. अशा बाळाला कुठे नेण्यापेक्षा मशीन त्याच्याजवळ आणलेलं केव्हाही बरं. आणि त्या वेळी बाळाजवळ जागी असलेली व्यक्ती म्हणजे ड्युटीवरचा रेसिडेंट.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे रक्तस्राव बरेचदा मुके असतात. 1978 साली अमेरिकेत लू-ॲन पापिल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या 46 बाळांचं सीटी स्कॅन केलं. त्यातल्या 20 बाळांच्या मेंदूत रक्तस्राव सापडला. रक्तस्राव होऊनही जगलेल्या 9 बाळांपैकी 7 जणांमध्ये वरून काहीच कळत नव्हतं. आज आपण ग्रेड 1 ते 4 म्हणतो ती प्रतवारी याच कामातून आली. पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, लंडनच्या डॉक्टरांनी पाळण्याशेजारी उभं राहून अल्ट्रासाउंडने मेंदू पाहता येतो हे दाखवलं. न किरणं, न भूल, न बाळाला हलवणं. इतकं सोपं साधन हाताशी असताना ते एकाच विभागाच्या दाराआड ठेवावं, हे मला पटत नाही.

शिकवायला सुरुवात मात्र मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, करत नाही. पहिले काही आठवडे आम्ही प्रसूतीनंतरच्या वॉर्डात जातो. पूर्ण दिवसांचं, धडधाकट, नुकतंच दूध पिऊन झोपलेलं बाळ निवडतो आणि आईला विचारतो. आई बहुधा हो म्हणते. अडतं ते आजीपाशी. “टाळूला हात लावू नका हो डॉक्टर, अजून भरली नाहीये.” आजीची ही भीती उडवून लावलेली मी खपवून घेत नाही. तिने आयुष्यभर टाळूवर तेल घातलंय, तिथली धडधड बोटांना ओळखीची आहे, आणि तिथे जपायला हवं हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी आजीला प्रोब (यंत्राचा टाळूवर टेकवायचा भाग) हातात द्या, जेल तिच्या मनगटावर लावून दाखवा, मग बाळाला हात लावा. जेल कोमट हवं. करंगळी बाळाच्या डोक्यावर टेकवून हात तोलायचा, म्हणजे प्रोबचा भार टाळूवर पडत नाही. दाब पडला तर नाडी मंदावू शकते. प्रोब आधी पुसायचा, नंतरही पुसायचा, आणि बाळाच्या केसांतलं जेल आपणच पुसून काढायचं. यंत्राचं बटण त्यानंतर.

टाळू ही छोटीशी खिडकी आहे. प्रोब जागचा हलवायचा नाही, तो फक्त झुकवायचा. बंद दाराच्या फटीतून टॉर्च फिरवून खोली पाहावी तसं. मार्कर (प्रोबच्या कडेवरची खूण) बाळाच्या उजव्या कानाकडे ठेवून कपाळापासून मागपर्यंत आडवे छेद, मग मार्कर नाकाकडे वळवून मधला उभा छेद, मग दोन्ही बाजूंचे. दर वेळी सगळे छेद, ठरलेल्या क्रमाने, साठवून ठेवायचे. आडव्या छेदात उजवी-डावी बाजू सारखी दिसली नाही तर आधी आपला हात तिरका आहे का ते पाहायचं. ही एक सवय लागली की निम्मे खोटे आजार तिथेच गळून पडतात.

उरलेले निम्मे गळायला निरोगी मेंदू भरपूर पाहावे लागतात. 26 आठवड्यांच्या बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत दिसतो, कारण वळ्या अजून पडायच्या असतात. नवखा विद्यार्थी लगेच जन्मजात दोषाचं नाव घेतो. मधल्या पडद्याच्या दोन थरांतली पोकळी पाहून कुणी दचकतं. कमी दिवसांच्या बाळात ती असतेच. पोकळीच्या मागच्या टोकाभोवती पांढरट झाक दिसते. ती कोरॉइड प्लेक्ससइतकी (पोकळीतली, मेंदूतलं पाणी तयार करणारी पांढरी दिसणारी जाळी) किंवा त्याहून पांढरी आहे का, आणि मागच्या टाळूतून, वेगळ्या कोनातून पाहिल्यावरही टिकते का, हे तपासायचं. नुसत्या कोनामुळे आलेली असेल तर ती विरते. आणि कोरॉइड प्लेक्ससबद्दल एक नियम मी घोकूनच घेते: तो कॉडेट आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या दोन भागांमधल्या खाचेच्या पुढे जात नाही. त्या खाचेत किंवा तिच्या पुढे पांढरा ठिपका दिसला, तर तिथे रक्त आहे असं धरून चालायचं आणि रेडिओलॉजिस्टला चित्रं पाठवायची.

सहकाऱ्यांची खरी काळजी इथेच आहे, आणि ती रास्त आहे. अर्धवट शिकलेला माणूस “नॉर्मल” असं लिहून मोकळा होईल, याची. म्हणून माझे विद्यार्थी रिपोर्ट लिहीत नाहीत. ते प्रश्न घेऊन पेटीशी जातात. पोकळीत रक्त आहे का? पोकळ्या फुगल्यात का? मधली रेषा सरकली आहे का? ज्याचं उत्तर मिळालं ते लिहायचं, ज्याचं नाही तिथे “नीट पाहता आलं नाही” असं लिहायचं. कवटीच्या कडेचा पातळ रक्तस्राव टाळूतून सहज निसटतो. लहान मेंदू नीट पाहायचा तर कानामागच्या खिडकीतून पाहावं लागतं. जन्मतः गुदमरलेल्या बाळाची पहिल्या दिवसाची सोनोग्राफी अगदी स्वच्छ दिसू शकते आणि इजा नंतर एमआरआयवर दिसते. या मर्यादा ज्याला पाठ आहेत त्याच्या हातात प्रोब द्यायला मला भीती वाटत नाही.

एनआयसीयूबाहेरही याचा उपयोग होतो. महिना-दीड महिन्याचं, अंगावर पिणारं बाळ एकदम पांढरंफटक पडून, झटके घेत, टाळू फुगलेली अशा अवस्थेत येतं. जन्मल्यावर, रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, हे घरी कुणालाच ठाऊक नसतं. सीटीची सोय होईपर्यंत कॅज्युअल्टीत टाळूवर प्रोब ठेवून मोठा रक्तस्राव किंवा सरकलेली मधली रेषा दिसू शकते, आणि पुढची धावपळ योग्य दिशेने होते. मात्र त्यात काही दिसलं नाही म्हणून सीटी टाळायचं नाही.

मशीनचा प्रश्नही येतो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. गर्भाचं लिंग ओळखू शकणारं यंत्र नवजात विभागात ठेवलं तरी त्याची नोंदणी लागते. काही जण याच कटकटीपायी मशीन घेत नाहीत. मला हा कायदा हवाच आहे. ज्या मुली जन्माला याव्यात म्हणून तो आला, त्यांच्याच डोक्यावर आम्ही प्रोब ठेवतो. नोंदणी करा, कागद वेळच्या वेळी भरा, आणि शिकवा.

हल्ली माझा सगळ्यात जास्त जोर असतो तो पुन्हा पाहण्यावर. पहिल्या आठवड्यातली चित्रं चांगली आली की सगळे निश्चिंत होतात. पण मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा झाली असेल तर तिथली छिद्रं दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतात. रक्तस्रावानंतर पोकळ्या आधी फुगतात, डोक्याचा घेर नंतर वाढतो. म्हणून टेप वापरत राहूनही पोकळीची रुंदी मिलीमीटरमध्ये मोजायला आणि तक्त्यावर मांडायला शिकवते. शेवटची तपासणी बाळाचे 40 आठवडे भरतील त्या सुमारास हवी. तोवर घरचे बाळाला घेऊन गावी गेलेले असतात, परतीचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्यांना जड जाते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ती तारीख ठळक लिहायची, ती लसीकरणाच्या तारखेला जोडून द्यायची, आणि आई-बाबा दोघांना समोर बसवून सांगायची, हे कामही माझ्याकडे शिकणाऱ्या रेसिडेंटचंच असतं.