आमची वाटचाल : भट्टीपासून सॉफ्टनरपर्यंत

सोलापुरातली आमची लाँड्री वडिलांनी भट्टीवर उभी केली. सोड्याच्या पाण्यात बुचकळलेले कपडे रात्रभर वाफेवर, पहाटे दगडावर, मग नीळ आणि खळ. मशीन, कपडे पिळणारा हायड्रो, बॉयलर नंतर यथावकाश आले. सांगायचंय ते बोअरच्या वर्षाचं.

त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरेना, म्हणून आवारात बोअर मारला. थोड्याच दिवसांत नर्सिंग होमच्या चादरी करड्या पडल्या. साबण तोच, माणसं तीच, पण फेस धरेना आणि ड्रमच्या कडेला नखानं खरवडावा असा चिकट साका. पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्यानं गावभर केलं, "हे साबणात मारतात." हॉटेलवाले एकेक करून त्याच्याकडे गेले. इकडे साबण दुपटीनं जात होता! ते बोलणं मला आजही बोचतं.

दोष पाण्याचा होता. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. चोळून, आपटून तेलकट मळ धाग्यावरून सुटला की साबण त्याला चहूबाजूंनी वेढतो आणि पाण्याबरोबर घेऊन जातो. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मात्र मळाआधी साबणालाच गाठतं. त्याचा साका होऊन धाग्यात बसतो. पिण्याच्या पाण्यात या जडपणाची कमाल मर्यादा लिटरला 600 मिलिग्रॅम, आमचा बोअर त्याच्याही पुढे!

नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं काम मी पाहिलंय. आधी पाणी तपासून आणा, गठ्ठे कुठे जात नाहीत." रिपोर्टही त्यांनीच समजावून दिला. तेव्हापासून आधी धुण्याचा सोडा विरघळवायचा, मागून साबण. पुढे कर्ज काढून पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवला. त्यातले रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम धरून ठेवतात, मिठाच्या पाण्यानं पुन्हा ताजे होतात. रोज सकाळी बाटलीत सॉफ्टनरमधून आलेलं पाणी घेऊन साबणाचे थेंब टाकून हलवतो; फेस टिकला तरच मशीन सुरू.

घरी धुणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात सोडवा, गरम पाण्यानं तो पक्का होतो. हळद साबणानं लाल झाली तर घाबरू नका, क्षारानं तिचा रंग पालटतो. धुऊन कडक उन्हात टाका, डाग उडतो. सॉफ्टनर असेल तर शेवटी खळबळायलाही तेच पाणी घ्या, नाहीतर कपड्यात राहिलेल्या साबणाचा तिथंच साका होतो.