काटा चढला घाटात, दोष मात्र घरूनच सोबत आला होता

सपाट रस्त्यावर गाडी तीन तास छान चालली. तापमानाचा काटा मधोमध, जागचा हलला नाही. घाटाच्या पायथ्याशी वाहनांची रांग लागली आणि एसीतून कोमट हवा यायला लागली. रांग पुढे सरकली की पुन्हा गार. मला वाटलं, गॅस कमी झाला असेल. खरं तर रेडिएटरचा फॅन बंद असल्याची ती पहिली खूण होती. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पुढ्यातच असतो आणि दोघांमधून हवा ओढतो तो हाच फॅन. वेगात असताना समोरचा वारा पुरतो, म्हणून दोष झाकून राहतो.

दोन वळणं झाली आणि काटा चढू लागला. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात सोडला. आत बसवत नव्हतं, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे रेंगाळला, तेवढ्यात रुंद जागा मिळाली. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. अशा वेळी रेडिएटरच्या झाकणाला अजिबात हात लावू नका. आत दाब असल्यामुळे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण सैल झालं की क्षणात उकळून अंगावर येतं.

पाऊण तासाने पाहिलं. कूलंटची पातळी ठीक, फॅनचा फ्यूज शाबूत. मग राहिला रिले, म्हणजे फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच. फॉग लाइटचा रिले त्याच क्रमांकाचा होता, तो काढून फॅनच्या जागी बसवला. इंजिन सुरू करून एसी लावला आणि पुढून घर्र असा आवाज आला. इतका हायसं वाटणारा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

तुम्ही निघणार असाल तर आदल्या दिवशी वीस मिनिटं काढा. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये नको. एसी लावला की बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्या वेळात फिरतो. जाळीसमोर कागद धरा. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर कागद आत ओढला जाऊन चिकटायला हवा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण यात फक्त मोटर आणि वायरिंग तपासली जाते, तापमानाचा सेन्सर नाही. एसी बंद करून इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवा. साधारण ९५ ते १०५ अंशांच्या आसपास फॅन आपोआप लागतो, थोडा वेळ फिरून बंद होतो. असं दोनदा होऊ द्या. काटा नेहमीच्या जागेच्या बराच वर गेला आणि फॅन गप्पच असेल, तर इंजिन बंद करा. फिरायला अडखळणारा फॅन हलकं ठोकल्यावर सुरू झाला, तर मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

पात्यांजवळ हात मात्र नको. इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो. पाती हाताने फिरवून बघायची असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

परतीच्या आधी नवा रिले बसवला आणि हीच तपासणी केली. घाटात पुन्हा रांग होतीच. काच खाली करून बसलो होतो. फॅन तीनदा लागला, तीनदा थांबला.