तुम्ही विचारलंत म्हणून: सांगलीत बसून रडारची चिप शिकता येते का?

विश्रामबागेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा ठरलेला प्रश्न: "रडारच्या चिप्स डिझाइन करायच्यात, कोणता कोर्स लावू?" कोर्सचं नंतर बघू. आधी तांब्याची एक पट्टी कोरा.

1.6 मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंना तांबं असलेला एफआर-4 (काचतंतू आणि रेझिनचा, नेहमीचा सर्किट) बोर्ड घ्या. खालचं तांबं अख्खं ठेवा. वर 3 मिलिमीटर रुंदीची सरळ पट्टी ठेवली की साधारण 50 ओहमची, म्हणजे मोजायच्या उपकरणाशी जुळणारी लाइन होते. तिच्या मधोमध तेवढाच रुंद, 17 मिलिमीटर लांब फाटा काढा, टोक मोकळं. 2.4 गिगाहर्ट्झला ही बोर्डातली पाव तरंगलांबी, त्यामुळे तो सिग्नल तिथेच अडायला हवा. दोन्ही टोकांना एसएमए (केबल जोडायचे छोटे, आट्यांचे) कनेक्टर लावा आणि 3 गिगाहर्ट्झपर्यंतच्या नॅनोव्हीएनएवर, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल पार जातो ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर, बघा.

आलेखातला खड्डा, म्हणजे सिग्नल अडतो ती जागा, 2.4 ला नाही, 2.3 च्या आसपास किंवा त्याखाली दिसेल. मोकळ्या टोकाशी विद्युतक्षेत्र बाहेर सांडतं, म्हणून फाटा अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त लांब असल्यासारखा वागतो. त्यात एफआर-4 चा परावैद्युत स्थिरांक (तो जितका जास्त, तितकी बोर्डातली तरंगलांबी कमी) 4.2 ते 4.6 मध्ये कुठेही असतो. ओपन, शॉर्ट, लोड, थ्रू (मोकळं टोक, शॉर्ट केलेलं टोक, 50 ओहम, थेट जोड) हे यंत्राचं कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशीच करा. वारंवारतेची रेंज बदलली की पुन्हा करा. आळस इथेच नडतो. आता ब्लेडने फाटा अर्धा मिलिमीटर कापा, पण खड्डा किती सरकेल ते आधी कागदावर काढा. साठेक मेगाहर्ट्झ यायला हवेत.

चिपमध्ये भूमिती हीच, माप बारीक. 1 मिलिमीटर बाँडवायर (चिपला बाहेर जोडणारी बारीक तार) म्हणजे ढोबळ 1 नॅनोहेन्रीचं इंडक्टन्स: तिचा अडथळा 2.4 गिगाहर्ट्झला 15 ओहम, गाडीच्या रडारच्या 77 गिगाहर्ट्झला जवळपास 480. म्हणून तिथे चिप सोल्डरच्या बारीक गोळ्यांवर बसवतात.

रडारचं गणित समजायला वाईजवळचं मांढरदेव पुरे. तिथे आयआयटीएमने (पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने) एक्स आणि केए, अशा दोन बँडची (वारंवारतेच्या पट्ट्यांची) रडारं बसवली होती. 35 गिगाहर्ट्झच्या आसपासचं केए ढगातले बारीक थेंब टिपतं, पण जोराच्या पावसात त्याचा सिग्नल झपाट्याने क्षीण होतो. साडेनऊच्या आसपासचं एक्स पावसात जास्त तग धरतं. आणि पल्ला दुप्पट हवा तर विमानासारख्या एकट्या लक्ष्यासाठी शक्ती 16 पट लागते, हे कुठल्याच बँडमध्ये चुकत नाही.

नोकरीसाठी बहुधा बंगळूर गाठावं लागेल. मुलाखतीला तो कापलेला बोर्ड आणि कागदावरचा हिशेब घेऊन जा. फाउंड्रीला (चिप बनवणाऱ्या कारखान्याला) गेलेल्या चिपवर ब्लेड चालवता येत नाही. ती काही महिन्यांनी, असेल त्या चुकीसकट परत येते.