श्रीगोंद्याहून सासवडला जुना मॅसी: बघताना, घेताना आणि चालवत आणताना

सासवडजवळ आमची अंजीर-सीताफळाची बाग आहे. फवारणी, छोटा रोटाव्हेटर आणि शेणखताची ट्रॉली, एवढ्या कामासाठी नव्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडत बसायची माझी तयारी नव्हती. म्हणून जुना मॅसी फर्ग्युसन 1035 शोधत होतो. ओळखीतून श्रीगोंदा तालुक्यातल्या एकाचा पत्ता लागला. मामांना बरोबर घेऊन फेब्रुवारीत गेलो आणि सव्वा लाखाच्या आत सौदा करून ट्रॅक्टर चालवत घरी आणला. त्या वाटेने कुणी जाणार असेल तर हे वाचून जा.

1035च का? टॅफे ही मद्रासची कंपनी 1960 साली निघाली ती मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने. इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला बनणारा एमएफ 35 तोच आपल्याकडे 1035 झाला. इंजिन पर्किन्सच्या घडणीचं, तीन सिलिंडरचं, इथे सिम्पसनने बनवलेलं. उंची कमी, त्यामुळे फांद्यांखालून जातो, आणि लायनर-पिस्टनपासून किंगपिनच्या बुशापर्यंत सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं. एचएमटी 2511 वरही माझा जीव होता. दोन सिलिंडरचा तो आवाज ऐकतच आमची पिढी वाढली. पण एचएमटीचं ट्रॅक्टर बनवणं 2016 मध्ये बंद झालं आणि सुट्या भागांसाठी वणवण करायला आता वय राहिलं नाही.

सासवडहून निघून जेजुरी, मोरगाव, सुपे, चौफुला, पाटस, दौंड, भीमा ओलांडून काष्टी आणि पुढे श्रीगोंदा, असा रस्ता आहे. शनिवारी काष्टीला जनावरांचा बाजार असतो, तो वार टाळा. कारखाने चालू असताना या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे तासन् तास रखडावं लागतं, म्हणून पहाटे निघालेलं बरं. पहाटे निघायचं दुसरंही कारण आहे. ट्रॅक्टर थंड असताना बघायला मिळाला पाहिजे. आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा, "आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका." पोहोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, गार होऊ द्या. थंड इंजिन दोन-चार फेऱ्यांत पेटलं तर कॉम्प्रेशन आहे. पांढरा धूर थोडा वेळ चालतो. निळा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर रिंगा गेल्या म्हणून समजा. तेल घालायचं झाकण काढून तिथून भकाभक धूर येतो का तेही बघा, आणि तेलकांडी हुंगा. तेलाची पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल इंजिन तेलाच्या चेंबरमध्ये उतरतंय. पडदा स्वस्त आहे, पण असं पातळ तेल घेऊन कुणी वर्षभर नांगरट केली असेल तर बेअरिंगचं काय झालं असेल याचा विचार करा.

रंगावर जाऊ नका. आम्ही पाहिलेल्यांपैकी सर्वांत लालभडक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या रिमला व्हॉल्व्हभोवती गंजून जाळी पडली होती. वजनासाठी टायरात पाणी भरून ठेवलं की असं होतं.

आता लिफ्टचं, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रोलिकचं सांगतो, कारण या मॉडेलमध्ये सौदे तिथेच फिसकटतात. आमच्या मालकाने खुर्चीच्या उजवीकडची दांडी वर केली, अवजार धरणारे आर्म हलले नाहीत. तो स्वतःच म्हणाला, "लिफ्ट गेलीय, पंप काढावा लागंल." मामा खाली वाकले, डावीकडे हाऊसिंगला असलेली पीटीओची (मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टची) दांडी न्यूट्रलवरून इंजिनच्या खाचेत टाकली आणि क्लच सोडला. आर्म सावकाश वर आले. या मॅसीत हायड्रोलिकचा पंप गिअरच्या तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. पीटीओ न्यूट्रलला असेल तर पंपही थांबलेला. रोटाव्हेटर उतरवून ट्रॅक्टर महिनोन् महिने नुसता उभा असेल तर दांडी न्यूट्रललाच राहते आणि घरचे लोकही विसरतात. मालकाला आम्ही हे लगेच सांगितलं. न सांगता भाव पाडून घेणारे भेटतील, आम्हाला ते जमलं नाही.

पण आर्म वर आले म्हणजे लिफ्ट पास झाली असंही नाही. शेजाऱ्याचा नांगर जोडायला लावला, अर्धा तास सरीत फिरवला, तेल तापू दिलं, मग नांगर वर धरून इंजिन बंद केलं. थंड तेलावर उचलणारी आणि गरम झाल्यावर लगेच टेकणारी लिफ्ट म्हणजे सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेला. आमचा नांगर हळूहळू खाली आला. तेवढं चालतं. त्याच वेळी ब्रेकही बघा. एका बाजूचा ब्रेक लागत नसेल आणि त्या ड्रमखाली तेल गळत असेल तर अॅक्सलचं सील गेलंय.

इंजिनचं काम निघालं असेल तरी घ्यायला हरकत नाही, मिस्त्री आठवड्यात बांधून देतो. कागद बिघडलेले असतील तर मात्र उठून या. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष ताडून बघा. जुन्या ट्रॅक्टरांची इंजिनं सर्रास बदललेली असतात आणि ती नोंद आरटीओत नसते. एमएच-16 (नगर आरटीओ) च्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर गाडी ऑनलाइन दिसते का ते तपासा. दिसत नसेल तर बॅकलॉगची, म्हणजे जुन्या गाडीची ऑनलाइन नोंद विकणाऱ्याने करून द्यायची, हे इसार देण्याआधी ठरवा. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का तेही बघा. आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर फॉर्म 35 (बोजा उतरवायचा) आणि बँकेचा दाखला मागा. भूविकास बँकेचं नाव असेल तर जास्त जपून राहा, त्या बँका केव्हाच बंद पडल्या आणि कर्ज फिटलं तरी आरसीवरचं नाव तसंच राहून गेलेले ट्रॅक्टर आहेत. मूळ मालक वारला असेल तर फॉर्म 31 (वारसाच्या नावावर करायचा) आणि सगळ्या वारसांच्या सह्या. एकटा धाकटा मुलगा "मी बघतो सगळं" म्हणाला तर त्याच्या थोरल्या भावाला भेटल्याशिवाय पैसे काढू नका. आमच्याकडे मालकी बदलाचे फॉर्म 29, 30 आणि नगरच्या आरटीओची एनओसी एवढ्यावर भागलं. विम्याची पावती मात्र रस्त्यावर चाक घालण्याआधी हातात हवी.

येताना टेम्पोत टाकून आणा असं सगळे सांगत होते. अंतर जास्त असेल तर तेच खरं. चौफुला सोडून सुप्याच्या रस्त्याला लागलो आणि इंजिन हुंदके देत बंद पडलं. टाकीच्या तळाचा गंज हलला आणि फिल्टर चोंदला, त्यात डिझेलचा गाळ साठायच्या काचेच्या वाटीचं वॉशर कडक होऊन हवा घेत होतं. मामांच्या पिशवीत नवा फिल्टर, वॉशर आणि इंची पाने होते. जुन्या मॅसीचे नट इंची मापाचे असतात, मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे गोल होतात.

फिल्टर बदलला की डिझेलच्या नळ्यांत हवा राहते, ती काढायचा क्रम पाठ करून ठेवा. फीड पंपाच्या हाताच्या दांडीने डिझेल चढवायचं. दांडी ढिली लागली, ओढच नसेल, तर पंप बिघडला असं समजू नका, इंजिन थोडं फिरवा. आतला कॅम नेमका दांडीखाली थांबलेला असतो. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फेस संपेपर्यंत डिझेल काढा, मग रोटरी पंपावरचे (नोझलना दाबाने डिझेल देणाऱ्या) दोन्ही स्क्रू, शेवटी नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारा. डिझेलची पिचकारी दिसली की नट आवळा. पिचकारीसमोर हात धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. आणि रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच असतं, त्यामुळे पाणी मिसळलेलं डिझेल गेलं तर पंपाचं बिल इंजिनाच्या बिलाशी स्पर्धा करतं.

घरी आल्यावर टाकी उतरवून धुतली, इंजिनचं आणि गिअरचं तेल बदललं, चालतं की नाही असा संशय होता त्या ऑइल प्रेशरच्या काट्याजागी नवा मीटर बसवला. मागच्या 12.4-28 टायरना उन्हाने चिरा पडल्यात, पण बागेच्या कामाला एक-दोन वर्षं निघतील. स्टेअरिंग बॉक्समध्ये प्ले आहे, त्याचे बुश मिस्त्रीने सांगून ठेवलेत, ते आल्यावर ट्रॉली जोडायची.