ड्राइव्ह की ड्रॉ?

शनिवार रात्र, मेलबर्न.

आज लॉन बोल्सच्या पेनंट (क्लबांमधल्या साखळी) सामन्यात आमच्या स्किपबाईंनी, म्हणजे कर्णधारांनी, शेवटून दुसऱ्या एंडला (फेरीला) जो चेंडू टाकला, तो लिहून ठेवल्याशिवाय झोप येणार नाही.

आम्ही फोर्स खेळतो. चौघांचा संघ, प्रत्येकाला दोन चेंडू. मी थर्ड, म्हणजे तिसरी खेळाडू, त्यामुळे स्किप चेंडू टाकायला मॅटवर गेल्या की हेडची, म्हणजे जॅक या लक्ष्याच्या छोट्या चेंडूभोवती जमलेल्या चेंडूंची, जबाबदारी माझी. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो, पण या एंडला जॅकच्या सगळ्यात जवळचे दोन्ही चेंडू त्यांचे होते, म्हणजे दोन गुण त्यांचे. जॅकच्या किंचित पुढे, फोरहँडची, म्हणजे एका बाजूने वळून येण्याची, वाट अडवून बसलेले. आमचा एक उजवीकडे, दीड हातावर. मागे डिचच्या (मैदानाच्या टोकाच्या चराच्या) तोंडाशी त्यांचेच आणखी दोन. आता फक्त स्किपबाईंचा शेवटचा चेंडू उरला होता.

कडेला बसलेल्यांमधून ‘ड्राइव्ह, ड्राइव्ह’ सुरू झालं होतं. मोह मलाही झाला. दोन चेंडू असे शेजारी शेजारी बसलेले दिसले की जोरात हाणून उधळावेसे वाटतातच, आणि एरवी एका बाजूला वळणाऱ्या या चेंडूला वेगाने सोडलं की वळायला वेळ मिळत नाही, तो जवळजवळ सरळ जातो, म्हणजे नेम धरायलाही बरा. पण बाईंनी तिकडून दोनच गोष्टी विचारल्या.

“किती?”

“दोन त्यांचे.”

“मागे?”

“दोन्ही त्यांचे. आपला एकही नाही.”

ड्राइव्ह बसला असता तर जॅक मागे डिचमध्ये गेला असता. रिंकच्या (आमच्या खेळपट्टीच्या) हद्दीत असेल तर डिचमधला जॅकही खेळात राहतो, आणि तिथे वाट बघत होते त्यांचेच दोन चेंडू. आमचा चेंडू जॅकला न लागता डिचमध्ये पडला असता तर बाद. म्हणजे नेम अचूक लागूनही आम्ही दोन, कदाचित तीन गुण घालवले असते. हे गणित मला हेडपाशी उभं राहून दिसत होतं. बाईंना ते तीसेक मीटरवरून दिसलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्यांनी ड्रॉ निवडला, म्हणजे चेंडू हळू सोडून जॅकपाशी आणून थांबवायचा, आणि त्यासाठी बॅकहँड, म्हणजे विरुद्ध बाजूची वाट घेतली. फेब्रुवारीच्या उन्हाने ग्रीन, म्हणजे गवताचं मैदान, खडखडीत वाळलेलं, पंधरा सेकंदांच्या आसपासचं. (मॅटपासून २७ मीटरवर जाऊन थांबायला चेंडूला जितके जास्त सेकंद लागतात, तितकं ग्रीन वेगवान. इंग्लंडात ओलसर गवतावर हाच आकडा बरेचदा दहा-बाराच्या घरात असतो.) अशा ग्रीनवर चेंडू अगदी हळू सोडावा लागतो आणि तो खूप वळतो, म्हणून बाईंनी रेषा चांगली रुंद धरली. चेंडू पार कडेकडे गेला, जरा रेंगाळला, मग आत वळून त्यांच्या दुसऱ्या चेंडूपेक्षा चार बोटं जवळ येऊन थांबला. मी टेप लावून दोनदा मोजलं. दोनऐवजी एकच गुण गेला. शिवाय एंड जिंकणारा पुढच्या एंडला पहिला चेंडू टाकतो, त्यामुळे शेवटच्या एंडचा शेवटचा चेंडू आमच्याकडे आला. तो एंड आम्ही एका गुणाने घेतला, सामना दोनने.

लॉन बोल्स म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना २०२२चं राष्ट्रकुल आठवतं. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि स्किप रूपा राणी तिर्की. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने ८-२ची आघाडी पुसून ८-८ केलं, तरी या चौघींनी १७-१० असं सुवर्ण आणलं. या खेळातलं राष्ट्रकुलमधलं भारताचं ते पहिलंच पदक. त्या दिवशी घरी आम्ही ओरडून घसा बसवला होता. आता खेळायला लागल्यावर कळतं, बरोबरी झाल्यावर हात शांत ठेवून जॅकपाशी चेंडू आणून ठेवणं किती कठीण असतं.

ड्राइव्ह मला वर्ज्य नाही. चार-पाच गुण जाताना दिसत असतील आणि मागे आपले चेंडू असतील, तर बिनधास्त हाणावा. मात्र ते मागचे चेंडू आधीच कुणीतरी नेऊन ठेवावे लागतात आणि टाकले तेव्हा ते वाया गेल्यासारखे दिसतात, कुणी टाळी वाजवत नाही. ते काम थर्डचं आहे असं माझं ठाम मत झालंय. निघताना बाईंशी बोलले: जॅकजवळ आपला चेंडू असेल, तर पुढच्या शनिवारी माझा दुसरा चेंडू जॅकच्या मागे, दोन मीटरवर. त्या लगेच हो म्हणाल्या.